न कापलेली पाने

मी इंग्रजी शब्दांचा व वाक्प्रचारांचा मराठी कोश आहे, आणि ज्यांच्या घरी माझे आयुष्य गेले त्यांच्याविषयी मला फारसा आदर नाही.

माझा जन्म मुंबईच्या छापखान्यात झाला. सन १९३१ साली सोलापुरात सात रस्त्याजवळच्या दुकानातून गिरणीतील एक कारकून, महादेवप्पा, यांनी मला घरी नेले. त्या काळच्या रीतीप्रमाणे माझी पाने कडेला जोडलेली होती. वाचणाऱ्याने ती सुरीने कापून घ्यावयाची. महादेवप्पांनी पुढची कापली. तेथील लांबलचक शब्द ते न्हाणीतही घोकीत आणि सकाळी गवळ्यावर फेकीत. मागे मात्र रोजच्या बोलण्यातले प्रयोग होते: 'पुट ऑफ', 'कॅरी ऑन', 'लुक आफ्टर'. ही पोरासोरांची भाषा, असे म्हणून ती पाने त्यांनी तशीच ठेवली. ज्या भाषेवर पोट भरते, तिच्यात साधे बोलणे ह्या लोकांना कमीपणाचे वाटते.

पुढे हेडक्लार्कची जागा रिकामी झाली. तिच्यावर महादेवप्पांचा डोळा होता. खंडेनवमीच्या सायंकाळी शिपाई सांगत आला की, उद्या दसरा असला तरी सकाळी साहेब स्वतः बोलून पाहणार, आणि साहेबांचे बोलणे अगदी घरगुती असते. तेव्हा महादेवप्पांना मागची पाने आठवली. परंतु मी देवघरात पूजेला मांडलेला, शेजारी सुरीही हळदकुंकू लावून. दाराशी त्यांच्या मातोश्री सिद्धम्मा बसलेल्या.

"अव्वा, चारच पानं बघतो की."

"वरीसभर काय केलंस? आता उद्या दुपारी पूजा उठल्याबिगर पुस्तकाला हात लावायचा न्हाय. सुरीलाबी न्हाय."

"साहेब थांबतोय व्हय तवर?"

"मग तुजे ते लांब लांब शब्द हायत की. गवळी लई भितो त्यास्नी."

साहेबांनी विचारले ते इतकेच: साहेब नसताना कचेरी कोण सांभाळील, अडलेले काम कसे निभावून न्याल. सारे माझ्या मागच्या पानांतले. महादेवप्पांना त्यातला एकही प्रयोग कळला नाही, आणि जागा दुसऱ्याला मिळाली.

घरी येऊन त्यांनी मला अपशकुनी ठरविले. तेव्हापासून मला कोणी वाचीत नाही. दर नवमीला मात्र झटकतात, फूल वाहतात, वाकून नमस्कार करतात. ह्यालाच हे लोक विद्येची भक्ती म्हणतात.

वाचकहो, मला हळद नको. तिचे डाग जात नाहीत. पूजा उठली की मी फडताळात जातो आणि सुरी कांदा चिरावयास जाते. एकदा तरी तिला आधी माझ्याकडे आणा.