निळं फडकं, काळं पाणी

"बघा! डोळे फाडून बघा!" निळेबाबा ओरडले आणि त्यांनी हातातलं निळं फडकं काचेच्या भांड्यात पिळलं. भांड्यातलं स्वच्छ पाणी बघता बघता काळं झालं. सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईने हंबरडा फोडला. ज्या टेबलावर बाबांनी फडकं फिरवलं ते तिच्या घरचं होतं आणि तिने ते सकाळीच फिनाइल लावून पुसून आणलं होतं.

"रडू नकोस बाई. हा मळ नव्हे. मळ तर तू काढलास. हा दोष आहे, दोष! घरातलं कुणी गेलं का एवढ्यात?"

"सासरे गेले, बाबा."

"तेच! मघापासून ते तुझ्या मागे उभे आहेत."

बाबांना सगळं दिसायचं, फक्त उत्तर मिळाल्यानंतर दिसायचं. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे अशा ठिकाणी मला हसू येतं. पण तिसऱ्या रांगेत माझी धाकटी बहीण हात जोडून बसली होती आणि तिच्या मांडीवर माझी भाची होती. तिकडे नजर गेली आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

आमच्या वसाहतीचं आधी सांगायला हवं. इथल्या कारखान्यात फिनाइल, ब्लीच आणि संडास धुवायचं ॲसिड तयार होतं. घरटी एक तरी माणूस तिथे कामाला. दर महिन्याला पगाराबरोबर घरोघरी बाटल्या येतात, आणि फुकट ते पौष्टिक! लादीवर फिनाइल, ओट्यावर ब्लीच, मोरीत ॲसिड. घरात पाऊल टाकल्यावर डोळ्यांत पाणी आलं नाही तर पाहुणे विचारतात, "आज पुसलं नाहीत वाटतं?" निळ्या बाटलीत ब्लीच आणि पिवळ्या बाटलीत ॲसिड. कारखान्यात या दोन विभागांच्या मध्ये जाड भिंत आहे आणि एकातला डबा दुसऱ्यात नेला तर नोकरी जाते. घरी मात्र त्याच कामगारांच्या बायका मोरीत दोन्ही एकत्र ओततात. एकाने एवढं निघतं तर दोघांनी दुप्पट निघेल, असा साधा हिशेब. मग सगळी वसाहत खोकते, हाताची सालं निघतात, आणि लोक म्हणतात, इथली हवाच वाईट.

माझी भाची, आमची चिमणी, दोन वर्षांपासून दम्याने बेजार होती. डॉक्टरीणबाईंनी तोंडात धरून औषध ओढायचा पंप दिला आणि बहिणीला बजावलं, "धुळीपासून जपा." बहिणीने ते अक्षरशः मनावर घेतलं. चिमणी खोकली की ही बादली भरायची. पोर जास्त खोकली की बाटली जास्त उलटी व्हायची. घर आरशासारखं चकचकीत, आणि त्यात एक पोर खिडकीशी बसून मासळीसारखं तोंड उघडून श्वास ओढतेय.

अशात निळेबाबा आले. पूर्वी ते दारोदार घरगुती वस्तू विकायचे, आता दोष काढायचे. त्यांचं ते निळं फडकं 'सिद्धवस्त्र' म्हणून प्रत्येक घरी विकलं गेलं आणि त्याबरोबर कडक पथ्यही गेलं. घर फक्त साध्या पाण्याने आणि या वस्त्राने पुसायचं. बाटल्या बंद. वस्त्र इतर कपड्यांत धुवायचं नाही. कपडे मऊ करणारं सुगंधी पाणी त्याला लावायचं नाही. इस्त्री लावली तर वस्त्राचा प्राण जाईल.

लोकांनी पथ्य पाळलं आणि गुण आला! डोळ्यांची आग थांबली, हातांची सालं भरून आली. चिमणी आडवी होऊन झोपायला लागली. बाबांनी बहिणीला सांगितलं, तिची मेलेली सासू पोरीच्या छातीवर बसली होती, ती आता उठायला लागली आहे.

मी शाळेच्या प्रयोगशाळेतून एक गुलाबी फडकं घेऊन बहिणीकडे गेलो. तिचं वस्त्र धुऊन वाळत होतं, म्हणून तिने नुकतीच जुन्या सुती फडक्याने लादी पुसली होती. मी त्यावर माझं फडकं ओलं करून फिरवलं आणि वाटीत पिळलं. पाणी काळं.

"झाला की नाही दोष?" मी म्हटलं. "आणि हे तर सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसायचं फडकं आहे. मोटारीच्या सामानाच्या दुकानात ढिगाने मिळतं. याचे धागे केसापेक्षा कितीतरी बारीक आणि उभे चिरलेले असतात. प्रत्येक फटीत धूळ अडकते, तेलकटपणा अडकतो. सुती फडकं मळ इकडचा तिकडे करतं, हे उचलून घेतं. म्हणून साधं पाणी पुरतं."

"आणि पथ्य?"

"सुगंधी पाण्याने त्या फटी बुजतात. ब्लीचने धागा कुजतो. इस्त्रीने वितळतो. सुती कपड्यांबरोबर धुतलं की त्यांचा कापूस याला चिकटतो. त्यात कसला प्राण आणि कसलं काय!"

ती वाटीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग चिमणीला बरं कसं वाटलं, दादा? तेवढं सांग."

"बाटल्या बंद झाल्या म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे तू मोरीत जे दोन्ही ओतायचीस ना..."

"दादा!" ती एकदम उभी राहिली. "तुझ्या शास्त्रानं दोन वर्षांत माझ्या पोरीला एक रात्र धड झोप दिली नाही. बाबांनी दिली. तू आता घरी जा."

ती असं का म्हणाली, हे मला तेव्हाही कळत होतं. बाबा सांगत होते, दोष सासूचा. मी सांगणार होतो, दोष तुझ्या हाताचा. कुठली आई दुसरं ऐकून घेईल?

नंतर बाबांनी डोकं चालवलं. लोक बरे झाले की येईनासे होतात. तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "घरातलं रसायन गेलं, आता अंगातलं काढू. ज्याच्याकडे जी औषधं असतील ती टोपलीत टाका. आणि घरात उरलेल्या बाटल्या आणा. त्यांचं आपण मोठ्या पिंपात विसर्जन करू."

मी धावत सभागृहात शिरलो आणि लगेच माझ्यामागे दाराला कडी लागली. दोष बाहेर निसटू नये म्हणून खिडक्याही बंद. व्यासपीठाखाली प्लॅस्टिकचं पिंप. माणसं रांगेने येत होती, निळी बाटली उलटी करत होती, नमस्कार करून बाजूला होत होती. शेजारी टोपलीत गोळ्यांची पाकिटं, सरबतासारखी औषधं आणि पंपांचा ढीग. बहिणीच्या एका हातात चिमणी होती आणि दुसऱ्या हातात पिवळी बाटली.

"थांबा!" मी दाराशीच उभा राहून ओरडलो. "निळ्या आणि पिवळ्या एकत्र करू नका! विषारी वायू तयार होतो!"

"मास्तरांच्या अंगातला दोष बोलतोय," बाबा हसून म्हणाले आणि माणसंही हसली. बहिणीने माझ्याकडे पाहिलं, मान फिरवली आणि बाटली पिंपात उलटी केली.

पिंपातून फसफस आवाज आला. हिरवट पिवळी वाफ काठावरून खाली उतरली आणि फरशीवरून सरकायला लागली. हा वायू हवेपेक्षा जड असतो. म्हणून तो आधी लहान मुलांपर्यंत पोचतो.

"दोष निघतोय!" बाबा किंचाळले. "पळू नका! जो पळेल त्याच्या मागे लागेल!"

लोक खोकत होते, ओकत होते, पण पळत नव्हते. हे मी आयुष्यात विसरणार नाही. चिमणी खाली बसली होती. तिची मान मागे गेली होती, गळ्याशी खड्डा पडत होता आणि ओठ निळे झाले होते. बहिणीने झोळीतून सिद्धवस्त्र काढून तिच्या छातीवर दाबलं होतं. "बाबा, बाबा, बघा ना हिच्याकडे!" असं ती ओरडत होती. बाबांनी बघितलं. मग खिशातला सुती रुमाल काढून नाकाला लावला आणि ते व्यासपीठाच्या मागच्या दाराने सगळ्यांत आधी बाहेर पडले. एवढं सिद्धवस्त्र खांद्यावर असताना!

"दारं उघडा! पोरांना खांद्यावर घ्या!" मी चिमणीला उचलून डोक्याच्या वर धरलं. कुणीतरी कडी काढली. बहीण माझ्यामागे न येता उलट टोपलीकडे पळाली, सगळी टोपली तिने जमिनीवर पालथी केली आणि खोकत खोकत दोन्ही हातांनी पंप उपसायला लागली. चिमणीचा पंप कुठला हे तिला ओळखू येईना. शेवटी दिसतील तेवढे पंप पदरात घेऊन ती बाहेर आली. त्यांतला आमचा मी ओळखला. चिमणीच्या तोंडाशी धरून दाबला. पुन्हा दाबला. छाती हलत होती, पण हवा आत जात नव्हती.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी तिला आत नेलं आणि दार लावलं. "वायू फुप्फुसात गेलाय," एवढंच बोलल्या. "आत्ता मी काही सांगू शकत नाही."

बाहेरच्या बाकांवर अर्धी वसाहत बसली होती, ओले रुमाल डोळ्यांवर धरून. तेवढ्यात बाबांचा शिष्य आला. कशाला तर समजूत घालायला! "केवढा भयंकर दोष म्हणायचा! बाबांनी स्वतःवर घेतला, म्हणून सगळे वाचलात." आणि खरं सांगतो, चार जणांनी माना डोलावल्या. एक म्हातारे म्हणाले, "तरीच. एवढा वास उगाच येत नाही."

बहीण उठली. तिच्या मुठीत ते निळं फडकं अजून तसंच होतं.

"सगळे वाचलात म्हणता? माझी पोर अजून आत आहे." तिचा आवाज चिरका झाला होता. "पिंपात निळी बाटली कुणी ओतली?"

एक हात वर झाला, मग आणखी काही.

"पिवळी मी ओतली. दादा ओरडत होता तरी ओतली. दोष नव्हता तो. आपण ओतलं, त्याचा वायू झाला. माझ्या मोरीत मी रोज हेच करत होते, तोच वास, तीच डोळ्यांची आग. दार लावून घ्यायचे आणि पोर बाहेर खोकत बसायची. गेले काही दिवस बाटल्या बंद होत्या, तर ती झोपली. यात बाबांनी काय केलं?"

"अहो ताई, तुमच्या सासूबाई..." शिष्य म्हणाला.

"त्यांचं नाव काढू नका. मेलेलं माणूस उलटून बोलत नाही, म्हणून मी सगळं त्यांच्यावर ढकललं. ते मीच केलं." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "आणि मीच केलं हे एका परीनं बरं आहे हो. भुतानं केलं असतं तर मी ते कसं थांबवणार होते? माझ्या हातानं झालं, ते माझ्या हातानं बंद होईल."

शिष्य केव्हा निघून गेला ते कुणाला कळलं नाही. दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी बहिणीला खुणेने बोलावलं आणि म्हणाल्या, "श्वास घेतेय. नळीनं घेतेय, पण घेतेय. एकट्याच या." बहीण आत गेली. चिमणीची फुप्फुसं पूर्वीसारखी होतील की नाही, ते आजही कुणाला सांगता येत नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. ते फडकं फेकू नका. फडकं चांगलं आहे, वाईट होता तो विकणारा. धूळ पुसायला ते आणि साधं पाणी पुष्कळ झालं. घरात कुणी आजारी पडलं आणि बाटली वापरावीच लागली, तर एका वेळी एकच, तीही थोडी, आणि खिडकी उघडून. दोन बाटल्या एकत्र कधीच नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि गुण आला की आधी स्वतःला विचारा, आपण काय बदललं होतं? उत्तर कडू निघेल. तरी विचारा, कारण आत पोर श्वासासाठी तडफडत असते.