तोल काढलेलं इंजिन

"बाबा, तोल काढल्यावर गाडी कलंडणार नाही?" इंजिनाबद्दल काहीतरी विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शादेनने जॉर्डनमधल्या झर्का शहरातल्या बाबांच्या गॅरेजात विचारलंच.

"थरथरेल फक्त. पण थरथर शमवणाऱ्या या तोलदांड्यांचा पट्टा तुटून टॅक्सीचं इंजिन जाणार नाही. मालकाकडे नव्या पट्ट्याची मीझानिया नाही, म्हणून मीझान काढला!"

बजेट नाही म्हणून तोल काढायचा? शादेन चक्रावलीच.

"आणि हे भोक?"

"दांड्यांना तेल द्यायचं."

"दांडे तर गेले. मग तेल कुठे जाणार?"

इंजिनाचं झाकण बसवणारा बाबांचा हात थांबला. ते भोक बुजवायचं राहिलं होतं; तेल वाहून इंजिन जळालं असतं.

"कार्टे, तुला यातलं कळतं?"

"काहीच नाही!" चहा घेऊन आलेल्या आईकडे वळत ती म्हणाली, "म्हणूनच दहावीनंतर मी गाड्यांचं काम शिकणार!"