घराण्याची सायकल चालवली कोणी?

मी या घराण्याची पहिली सायकल बोलतेय. माझी चाकं भरीव रबराची, ब्रेकचा पत्ता नाही, आणि चाक फिरतंय तोवर पायडलही फिरणारच. थांबवणार कोण!

आजोबांनी मला दुकानातून घरी आणलं ते हातात धरून, चालत. बसता येत नव्हतं ना! पुढे सायकलच्या एका शर्यतीत त्यांचा दुसरा नंबर आला. तिथे मिळालेला पेला दिवाणखान्यात अजून आहे. शर्यतीत दोघेच होते, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

मग त्यांचा मुलगा बसला, मग नातू. सगळ्यांना मी इमानेइतबारे पाडलं. गल्लीच्या वळणावर घाबरून ते पाय रोखायचे आणि पायडल त्यांना फेकून द्यायचं. उठून धूळ झटकत म्हणायचे, "सायकलिंग आपल्या रक्तातच आहे!" रक्त होतं खरं, पण गुडघ्यावर.

नातवाची बायको, सगळ्यांची सूनबाई, दिवसभर पायाच्या मशीनवर कपडे शिवायची. चाळीस वर्षं माझं तेलपाणी तिनंच केलं. "जपून हं, वारसा आहे," सासरे बजावायचे. "तूही बस" असं मात्र कुणी म्हणालं नाही. तिच्यात घराण्याचं रक्त कुठे? मला फार वाईट वाटायचं.

गेल्या महिन्यात संग्रहालयाची गाडी मला न्यायला आली. सोबतच्या बाई माहितीचं कार्ड भरू लागल्या. "ही कोणी कोणी चालवली?"

"आजोबांनी, बाबांनी आणि मी," नातू छाती फुगवून म्हणाला.

"थांबा जरा," सूनबाई म्हणाली. "आता नाही तर कधीच नाही. मला एक फेरी मारू द्या, मग लिहा."

"अगं, या वयात? पडशील!"

"तुम्ही काय कमी वयात पडला नाहीत?"

तिनं पदर खोचला आणि बसली. मीच घाबरले. पाडायची सवय मला, सांभाळायची कुठली! वळण आलं. पण मशीनवर मुरलेले पाय ते, अडले नाहीत. चाकाबरोबर फिरत फिरत त्यांनी मला सावकाश केलं, वळवलं आणि दारात आणून सोडलं. ती उतरली तेव्हा तिचे डोळे भरले होते. माझे असते तर तेही भरले असते.

"चौथं नाव यांचं लिहू?" बाईंनी विचारलं.

नातवानं गुडघ्यावरचा जुना वण चोळला. "हिचं एकटीचंच लिहा," तो म्हणाला. "आम्ही नुसते बसलो होतो."

आता मी काचेआड उभी आहे. आलात तर कार्डावरचं नाव जरूर वाचा. त्या तिघांबद्दल मात्र मला काही विचारू नका. त्यांच्यावरही माझी माया आहे.