मोरेनिकेचा उजवा हात

मित्रांनो, मी एक जुनी, शेकायची रबरी पिशवी आहे. इबादान शहराच्या बाजारातून आबेकेबाईंनी मला त्यांच्या लेकीसाठी, मोरेनिकेसाठी आणले. मोरेनिकेला जन्मापासून सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकायच्या, अडकायच्या आणि तिची हाडे ठणकायची. घरात आता कुणी घाबरत नसे. स्टोव्हवर पाणी ठेवायचे, अंगाला लोणी चोळायचे आणि मला भरायचे, हे ठरलेले.

मी फार तापले की मोरेनिके ओरडायची, "आई, मला काय कढईतला आकारा वडा समजलीस?" सगळे हसत. "डॉक्टरपेक्षा हीच बरी," असे आबेकेबाई माझ्याबद्दल म्हणत. खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे.

मोरेनिके तिशी ओलांडलेली, वेण्या घालण्यात गल्लीत पहिली. एका सकाळी लग्नाला निघालेल्या बाईच्या बारीक वेण्या घालताना तिच्या हातून कंगवा पडला. उचलला, पुन्हा पडला. बोलणेही बोबडे झाले.

"घ्या! लग्नाआधीच वेणीवाली झिंगली," ती बाई हसली.

"गप गं! दुखणं आलंय तिला," आबेकेबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाणी ठेवले.

मला कढत भरून मोरेनिकेच्या उजव्या हातावर ठेवले. मी तिच्या ओरडण्याची वाट पाहिली. माझ्याखाली कातडीला फोड येत होता आणि ती गप्प पडून होती.

"दुखतंय का गं?"

तिने मानेनेच नाही म्हटले.

"देव पावला! या वेळी लवकर उतरलं. झोप, राणी."

हे माझे काम नव्हे, हिला उचला, असे सांगायला माझा जीव तुटत होता. पण पिशवीला तोंड असते ते फक्त पाणी भरायला.

दुपारी तिचा भाऊ देजी कामावरून आला. "आई, तोंड वाकडं झालंय हिचं! ही झोप नव्हे!"

सवयीने मलाही दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "मेंदूची रक्तवाहिनी तुंबलीय. सिकलसेलमध्ये मोठ्या माणसांनाही पक्षाघात होतो. सकाळीच आणायला हवं होतं."

"पण तिला दुखतच नव्हतं हो!" आबेकेबाई रडत म्हणाल्या.

मोरेनिके घरी आली. बोलणे बरेचसे सुधारले, हात मात्र लुळा, बधिरच राहिला. मित्रांनो, नेहमीच्या ठणक्याला मला जरूर शेकायला घ्या. पण हातातली वस्तू गळली, जीभ अडखळली, तोंड वाकडे झाले, तर पाणी तापवत बसू नका. गाडी बोलवा.

आबेकेबाई अजून रोज मला भरतात, त्या हातावर ठेवतात आणि आशेने बसून राहतात.

"लागतंय का गं थोडं गरम?"

"लागतंय, आई," मोरेनिके म्हणते.

तोवर माझ्यातले पाणी केव्हाच गार झालेले असते.