हलके सरांचं साधार वजन

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या रविवारी मुंगी शिरायला जागा नव्हती, आणि जमलेल्यांपैकी एकही जण मुंगीएवढा नव्हता. खुर्च्या कुरकुरत होत्या. स्टेजवर मोठ्या गोल तबकडीचा वजनकाटा होता, आकडा शेवटच्या रांगेतूनही दिसावा असा. त्यावर एक ठेकेदार उभे होते, चांगले अंगापिंडानं भरलेले. डोळे मिटलेले, दोन्ही हात एका उंच काठीच्या मुठीवर आणि कपाळ त्या हातांवर टेकलेलं. माइकवाल्या मुलीनं आकडा वाचला. टाळ्यांचा कडकडाट झाला. तासाभरापूर्वी याच काट्यावर, याच कपड्यांत ठेकेदारांचं वजन आठ किलोनं जास्त भरलं होतं. मध्ये त्यांनी काही खाल्लं नव्हतं, घाम गाळला नव्हता, साधे बाथरूमलाही गेले नव्हते.

माझ्या शेजारी बसलेल्या ताईनं माझ्या मांडीवर चापट मारली. "बघितलंस? आता बोल."

मी काय बोलणार? आठ किलो माझ्या डोळ्यांदेखत गेले होते.

या चमत्काराचे धनी म्हणजे हलके सर. हे त्यांचं आडनाव नव्हे, शिष्यांनी दिलेली पदवी. हलका माणूस म्हणजे काय, हे एकाही शिष्याच्या ध्यानात कसं आलं नाही कोण जाणे. सर अंगानं काडीपैलवान, कपडे पांढरेशुभ्र, आवाज मात्र भरदार. त्यांच्या पद्धतीत उपास नाही, व्यायाम नाही. आधी व्हायचं निराधार वजन, म्हणजे हात मोकळे सोडून. मग सगळ्यांनी तासभर दोन्ही हात वर करून उभं राहायचं आणि "सोडला, सोडला, भार सोडला" म्हणत श्वास बाहेर टाकायचा. शेवटी साधार वजन. काट्यावर उभं राहून सरांची काठी दोन्ही हातांनी धरायची, कपाळ टेकवायचं आणि मनापासून म्हणायचं, "सर, माझा भार तुम्ही घ्या." की लगेच आकडा खाली.

"निराधार वजन हे जगानं तुमच्यावर लादलेलं वजन," सर सांगत. "साधार वजन हे तुमचं स्वतःचं. घरचा काटा बिचारा निराधार, तो जगाचीच बाजू घेणार. त्याच्यावर उभे राहू नका. संशयानं वजन वाढतं." घरचं वजन का उतरत नाही, या प्रश्नाची वाट अशी आधीच बंद केलेली होती. माणूस हुशार होता, यात वाद नाही.

आता आमच्याविषयी सांगते. आमच्या घराण्यात जमीनजुमला नाही, दागदागिने नाहीत, पण रुंद कंबर पिढ्यानपिढ्या बिनतक्रार चालत आली आहे. मी आणि ताईनं ती मोडीत काढायचे सगळे प्रयोग करून पाहिले. उकडलेल्या भाज्या खाल्ल्या, त्यात आम्ही दोघी एकमेकींवर इतक्या खेकसायला लागलो की भावोजींनी हात जोडून भाजी फोडणीला टाकली. मग काही दिवस फक्त पातळ पदार्थ. त्यात भावोजी आमच्या सोबतीला आले आणि आइस्क्रीम वितळल्यावर पातळच होतं, असा मुद्दा मांडून त्यांनी आमचा तो प्रयोगही निकालात काढला.

ताईच्या बाबतीत मात्र गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. तिचा गुडघा झिजलेला आणि साखर वाढलेली. सर्जन म्हणाले होते, वजन थोडं उतरवा, साखर ताब्यात आणा, मग ऑपरेशनची तारीख देतो. म्हणून आम्ही रोज सकाळी चालायला लागलो. गुडघा असा, त्यामुळे सपाट रस्त्यावर, थांबत थांबत. ताईचा वेग तिच्या बोलण्यावर ठरे. तिच्या जाऊबाईंचा विषय निघाला की मला तिला आवरावं लागे. जेवणातला भात अर्धा झाला, गोळ्या वेळेवर सुरू होत्या आणि वजन हळूहळू, रडतखडत का होईना, उतरत होतं. मग ते एका जागी अडून बसलं. असं होतंच, शरीराला नव्या वजनाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, हे मी तिला सांगून दमले. पण महिनाभर तोच आकडा बघितल्यावर माणसाचा धीर सुटतो. त्याच सुमाराला तिला हलके सर सापडले. ती एकटी गेली नाही. ताईचा स्वभावच असा, बिल्डिंगमधल्या बायकांनाही बरोबर घेऊन गेली.

चालणं बंद झालं. त्याचं मला फक्त वाईट वाटलं. पण एक दिवस ती माझ्याकडे आली आणि बसल्या बसल्या तीन तांबे पाणी प्यायली. चेहरा ओढलेला. मी तिचं बोट टोचून साखर बघितली. आकडा इतका वर होता की यंत्र बिघडलं असेल म्हणून मी दुसरं बोट टोचलं. आकडा तोच.

"गोळ्या?" मी विचारलं.

"औषधाचाही भार असतो," ती शांतपणे म्हणाली. "तो सोडल्याशिवाय बाकीचा सुटत नाही, सर म्हणतात."

मी रागावले, रडले, डॉक्टरांना फोन लावून तिच्या कानाशी धरला. तिचं एकच म्हणणं, "तुमच्या गोळ्यांनी आणि चालण्यानं जे झालं नाही ते तिथं एका तासात होतं. तू स्वतः बघितलंस." आणि मी खरंच बघितलं होतं. वजन कुठं जातं ते मला सांगता येत नव्हतं. ते सांगता येईपर्यंत ताई गोळी घेणार नव्हती.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाय मोडलेल्या माणसाला पुन्हा चालायला शिकवताना मी दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवते. एकेक पाय एकेका काट्यावर. कुठल्या पायावर किती भार पडतो ते पेशंटला डोळ्यांनी दिसतं. त्या आठवड्यात माझ्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर येत होते. काट्यांवर उभं राहताना त्यांचा तोल जायला लागला म्हणून मी त्यांच्या हातात काठी दिली. मास्तर काठीवर रेलले, खाली बघितलं, दोन्ही आकड्यांची मनातल्या मनात बेरीज केली आणि म्हणाले, "अहो, मी आल्यापासून पाच किलो बारीक झालो की."

मी हसले. मग हसता हसता थांबले. मास्तरांना तसंच उभं ठेवून मी काठीच्या टोकाकडे बघत राहिले. काठी काट्यावर नव्हती, बाहेर जमिनीवर टेकली होती, हॉलमधल्या सरांच्या काठीसारखीच. मी रोज डझनभर लोकांना सांगते, काठीवर भार द्या म्हणजे पायावर कमी येईल. हॉलमध्ये शेकडो माणसं मोठ्यानं तेच म्हणत होती, माझा भार घ्या. सगळे त्या वाक्याचा आध्यात्मिक अर्थ लावत होते आणि काठी ते शब्दशः पाळत होती. तासभर हात वर करून उभं ठेवायचं कारणही आता उघड होतं. दमलेला माणूस मिळेल त्या आधारावर अंग टाकतो.

ताईला हे सांगून उपयोग नव्हता, ती म्हणाली असती, तुझा संशय. म्हणून पुढच्या रविवारी मी शिष्या व्हायला गेले. माझ्या दवाखान्यातला एक काटा भावोजींनी टॉवेलात गुंडाळून आणला होता. बाँब घेऊन आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता आणि दारातल्या प्रत्येकाला ते विचारलं नसताना सांगत होते की पिशवीत टॉवेल आहे.

माझं निराधार वजन झालं, हॉलनं हळहळून घेतलं. मग तासभर हात वर. खरं सांगते, स्टेजवर ती काठी दिसली तेव्हा मलाच भरून आलं. मी काट्यावर चढले, भावोजींना खूण केली आणि सरांना म्हणाले, "काठीखाली हा दुसरा काटा ठेवू का?"

"कशासाठी?" सरांनी मंद हसून विचारलं.

"माझा भार तुम्ही घेणार. किती घेतलात ते कळावं म्हणून."

सरांचं हसू जरा आखडलं. काठी ही वस्तू नव्हे, प्रतीक आहे, आणि प्रतीकाचं वजन करत नसतात, असं त्यांनी समजावलं. मी म्हटलं, मग तर काटा शून्यावरच राहील, तुमचाच मान वाढेल. पहिल्या रांगेतले ठेकेदार म्हणाले, "ठेवू द्या की सर, होऊन जाऊ द्या एकदाचं." त्यांना मनापासून सरांचा विजय बघायचा होता.

काठी दुसऱ्या काट्यावर उभी केली, ती पडू नये म्हणून भावोजींनी दोन बोटांनी सावरून धरली, काटा शून्यावर आणला. मी कपाळ टेकवलं आणि म्हणाले, "सर, माझा भार तुम्ही घ्या."

माइकवाली मुलगी प्रामाणिक होती. तिनं सवयीनं वाचलं, "पहिल्या काट्यावर सहा किलो कमी." मग दुसरीकडे बघितलं. "इथं सहा किलो..." आणि तिचा आवाज बारीक झाला, "जास्त."

मागून एक आजी भारावून म्हणाल्या, "म्हणजे सरांनी खरंच घेतला की भार." टाळ्या सुरू झाल्या. सरांच्या जिवात जीव आला, ते दोन्ही हात उंचावून म्हणाले की आज विज्ञानानंही साक्ष दिली. मी कपाळावर हात मारून घेणार होते, पण हात काठीवर होते.

मग मी काठी सोडली. दोन्ही काटे आपापल्या जागी परत. पुन्हा धरली, पुन्हा सहा इकडून तिकडं. जोरात रेलले, दहा. मुलगी वाचत गेली, आणि तिसऱ्या खेपेला न सांगता बेरीजही करून सांगायला लागली. बेरीज हलत नव्हती. टाळ्या विरत गेल्या. मागे कुणीतरी खुदकन हसलं, मग ते हसू रांगारांगांतून पुढं आलं.

त्या हशातच ताई उठली. गुडघा धरत, एकेक पायरी करत स्टेजवर आली. मला खाली उतरवून स्वतः काट्यावर उभी राहिली. काठी धरली, रेलली, दुसऱ्या तबकडीकडे वाकून नीट बघितलं. मग दोन्ही हात सोडले आणि आकडा खालीवर होऊन थांबेपर्यंत तशीच उभी राहिली. चालून जे उतरवलं होतं त्यातलं थोडं परत आलं होतं, बरंचसं टिकलं होतं.

ती सरांकडे वळली. "आणि गोळ्या बंद करायला सांगितलंत ते कशावरून?"

"मी गोळ्या बंद करा असं कधीच म्हणालो नाही," सर घाईनं म्हणाले. "मी म्हणालो, औषधाचा भार सोडा. शब्द नीट ऐका."

ताईनं हॉलकडे बघितलं. "आणखी कुणी असं ऐकलं?"

ठेकेदारांनी हात वर केला. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. मग मागे एक हात, खिडकीपाशी दोन, आणि मग इतके की मी मोजायचं सोडून दिलं. हसायचं कुणाला सुचेना. सर कधी मागच्या दारानं गेले ते कुणी पाहिलं नाही. काठी मात्र तिथंच राहिली.

वाचकहो, मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. वजन ही हवेत विरणारी गोष्ट नाही. कुणी म्हणालं की तुमचं काही एका तासात नाहीसं करून दाखवतो, तर टाळ्या वाजवण्याआधी विचारा, ते गेलं कुठं? आणि तपासू नका असं जिथं सांगतात तिथं आधी तपासा. डोळ्यांनी बघितलं एवढं पुरेसं नसतं. मीही बघितलं होतं, आणि आठवडाभर तोंडात मारल्यासारखी गप्प बसले होते. रोज थोडं चालणं, थोडं कमी जेवणं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधाला हात न लावणं, हे सगळं कंटाळवाणं आहे हे मला मान्य आहे. कुणी त्याला टाळ्या वाजवत नाही. पण खरं तेवढंच आहे.

हॉलमधून आम्ही ताईला सरळ डॉक्टरांकडे नेलं. ते ओरडले, ती निमूट ऐकत राहिली आणि त्यांच्यासमोरच तिनं गोळी घेतली. घरी आल्यावर मला वाटलं ती जरा आडवी होईल. पण ती बिल्डिंगचा जिना चढायला लागली. मी म्हटलं, मी येते, मी नीट समजावून सांगते त्या बायकांना. ती म्हणाली, "नको. मी नेलं होतं, मीच सांगते." मी जिन्यात थांबले. एकेका दारात तिचा आवाज ऐकू येत होता, तोच सगळा प्रकार, काठीपासून काट्यापर्यंत, स्वतःला काही न वगळता.

वरच्या मजल्यावरच्या बाईंना पटेना. "पण अहो, तिथून आलं की खरंच हलकं वाटायचं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नव्हतं वाटत?"

"वाटायचं," ताई म्हणाली. "म्हणून तर मी गोळ्या सोडल्या."

मग तिनं त्यांच्याकडून त्यांच्या डॉक्टरांचा नंबर घेतला, फोन लावून त्यांच्या हातात दिला आणि बोलणं संपेपर्यंत ती त्यांच्या दारातून हलली नाही.