अकरा नंबरच्या बोटीची गस्त

मित्रांनो, बागेत घसरगुंडीशेजारी जिच्या तोफेला तुम्ही रोज लोंबकळता, ती जुनी गस्ती बोट म्हणजे मी.

माझा जन्म खरे तर मासेमारीसाठी झाला. सुताराने सागाच्या फळ्या वाफेवर वाकवून मला घडवले. पण लढाई लागली आणि सरकारने मला उचलले. जाळी काढली, राखाडी रंग फासला, पुढे छोटी तोफ बसवली आणि अंगावर अकरा नंबर घातला. मोठ्या युद्धनौका मला चिलट म्हणत. म्हणोत बापड्या! बंदराच्या तोंडाशी पहारा मात्र मीच देत होते. शत्रूचे पाणबुडे पाण्याखालून पोहत येऊन जहाजांच्या बुडाला सुरुंग चिकटवत. म्हणून दर अर्ध्या तासाला माझ्यावरून स्फोटकांचा एक डबा पाण्यात टाकत. तो फुटला की आसपास पाण्यात असलेला माणूस जगत नसे.

डबे टाकणाऱ्या खलाशाला सगळे दादा म्हणत. आमच्या बंदराचा स्वतःचा पाणबुड्या त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे त्याचे दाजी. बंदराच्या तोंडावरचे, शत्रूला अडवणारे लोखंडी जाळे अडकले की सोडवायला तेच उतरत. दोघांची एक रीत होती. उतरताना दाजी आपल्या चपला डब्यांच्या पेटीवर काढून ठेवत. चपला पेटीवर असेपर्यंत पेटी उघडायची नाही. "माशांकडे पाहुणचाराला राहू नका," असे दादा चिडवत असे. कागद नाही, शिक्का नाही; पण तीन वर्षांत कधी चूक झाली नव्हती.

एका सकाळी मोठे साहेब पाहणीला येणार होते. दोनच दिवसांपूर्वी रुजू झालेल्या धाकट्या साहेबांनी मला घासूनपुसून लख्ख केले आणि गबाळ्या दिसणाऱ्या होड्या धक्क्यामागे हाकलल्या. मी हरखून गेले होते, खोटे कशाला बोलू? दादा खाली पांढरा गणवेश चढवत असताना आणि बाकीचे खलाशी धक्क्यावर पताका लावत असताना जाळे अडकल्याचा निरोप आला. दाजी आले, त्यांनी चपला पेटीवर ठेवल्या आणि पाण्यात उतरले. थोड्या वेळाने धाकट्या साहेबांना त्या चपला दिसल्या. त्यांनी नाक मुरडले आणि दोन बोटांनी उचलून चिंध्यांच्या बादलीत टाकल्या.

मोठे साहेब आले. डबा कसा टाकता ते दाखवा, म्हणाले. दादाने पेटीकडे पाहिले. पेटी स्वच्छ होती.

स्फोट झाला, टाळ्या पडल्या. मग प्रेत वर आले आणि शत्रूचा पाणबुड्या मारला म्हणून धक्क्यावर एकच जल्लोष झाला. मोठ्या साहेबांनी दादाची पाठ थोपटली. दादाने आकड्याने प्रेत उताणे केले.

"साहेब, हे आमचे दाजी आहेत."

मोठ्या साहेबांनी धक्क्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, "धक्क्यावर वर्तमानपत्रवाले उभे आहेत. हा शत्रूचाच माणूस आहे. तोंड उघडलंस, तर खुनाचा खटला तुझ्यावर चालेल."

दादाने तोंड उघडले नाही. त्याला पदक मिळाले आणि मला पितळी पाटी: 'येथे शत्रू मारला.' पण मग दाजी गेले कुठे, हेही सांगायला हवे होते ना? कचेरीत लिहिले, 'कामावरून पळून गेला.' लोकांनी दादाच्या ताईच्या दाराला डांबर फासले, असे खलाशी बोलत. एकदा ती धक्क्यावर आली आणि भावाला विचारू लागली, "तुला तरी सांगून गेले का रे?" दादाने नुसती नकारार्थी मान हलवली. तसाच गप्प राहून तो म्हातारा झाला आणि मेला.

ताई दर रविवारी नातीला घेऊन बागेत येते. माझी पाटी पदराने पुसते आणि मामाआजोबांनी इथे शत्रू मारला म्हणून नातीला सलाम करायला लावते. परवा नातीने विचारले, "आणि माझे आजोबा?"

"त्या पळपुट्याचं नाव काढायचं नाही," ताई म्हणाली.

मित्रांनो, माझा गंज काढा, मला रंग द्या, असे मी म्हणणार नाही. हवे तर मला फोडून जाळा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. रविवारी ती म्हातारी दिसली तर तिला एवढेच सांगा, की आजी, तुम्ही पुसता ती पाटी तुमच्या नवऱ्याच्या मरणाची आहे.