आणखीरावाचा तिसरा हात

माझी पणती जेवायला बसली की तिच्यासमोर फोन उभा करतात. त्यात एक गुबगुबीत अस्वल असतं. ते मधाचं सगळं मडकं एका दमात संपवतं, मग पोट धरून रडतं आणि शेवटी शहाणं होऊन चमचाभरच मध खातं. "आजी, कार्टूनमधून किती छान शिकवतात ना," नातसून म्हणते. पणती अस्वलाकडे बघत तोंड उघडते आणि घास आत जातो. तो कशाचा होता, हे नंतर विचारलं तर पोरीला सांगता येत नाही.

मला आमच्या अकोल्याच्या घरातली भिंत आठवते, आणि त्या भिंतीवरचा आणखीराव.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. बाबा अकोल्याच्या कोर्टात वकिली करत आणि आम्ही मोर्णेपलीकडे जुन्या शहरात भाड्याच्या घरात राहत होतो. मी अकरा-बारा वर्षांची असेन. अनुपमा माझ्या पाठची, आणि बंडू सहा वर्षांचा. त्या वर्षी आईचा धाकटा भाऊ, मोरोपंत मामा, अमरावतीहून बदलून आमच्या इथल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून आला. बिऱ्हाड मिळेपर्यंत तो आमच्याकडेच होता.

पावसाळा सरता सरता बंडूला हिवताप आला. कडू कोयनेल घेऊन घेऊन तो उतरला, पण पोराच्या गालांवरचं मांस घेऊन गेला. मग त्याला भूक सुटली. पानावर बसल्यापासून त्याचं एकच चाले, "आई, आणखी." वैद्यबुवांनी सांगितलं होतं, आतडी नाजूक झाली आहेत, बेताबेतानं वाढा. म्हणून आई हात राखून वाढायची आणि बंडू रिकाम्या ताटाकडे बघत बसायचा.

आम्ही दोघी बहिणी तरी कुठे कमी होतो? भुलाबाई बसल्या होत्या. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली रोज संध्याकाळी घरोघरी जाऊन भुलाबाईची गाणी म्हणत. गाणी संपली की त्या घरचा खाऊ झाकलेल्या डब्यात समोर यायचा. तो ओळखल्याशिवाय मिळत नसे. डबा हलवून आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, "तिखट का गोड?" विचारायचं. खाऊ ओळखला की मुली त्यावर तुटून पडत. एकदा आमच्याच घरी अनूने आणि मी खोबऱ्याच्या वड्यांवरून एकमेकींचे केस ओढले. आईने डोक्याला हात लावला.

"मोरू, तू तं मास्तर आहेस. शिकव ना यायले काही."

मामाने चुलीतला एक कोळसा उचलला आणि तो सपरीत गेला. सपरी म्हणजे आमची पुढची पडवी. पांढऱ्या मातीने सारवलेल्या भिंतीवर त्याने आधी एक गोल डोकं काढलं, त्यावर टिचभर टोपी, खाली उघडलेलं मोठं तोंड. एका हातात लाडू दिला, दुसरा हात पुढे पसरला, आणि मधे एक साधंसुधं पोट काढलं. समोर ताट मांडलं. ताटाला गेरूची कड दिली.

"माह्या भिंतीचा सत्यानास करून राहिला तू," आई आतून म्हणाली.

"दिवाळीले नवी माती देशीनच ना अक्का."

मग तो आमच्याकडे वळला. "हे आणखीराव. यांची एक गंमत आहे. आणखी म्हणायचं तुम्ही, अन् पोट वाढायचं यांचं. जो कोणी या घरात 'आणखी' म्हणेल, त्याचा एक वेढा यांच्या पोटावर."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मामाने विचारलं, आज कोण म्हणालं? अनूने माझं, चारूचं, नाव सांगितलं, मी अनूचं सांगितलं, बंडूचं दोघींनी मिळून सांगितलं. पोट तिन्ही बाजूंनी सुटलं. सदऱ्याची गुंडी तुटून उडताना दाखवली, तेव्हा आम्ही हसून हसून लोळलो. रोज काहीतरी नवं असायचं. कधी आणखीरावाचा पट्टा तुटे, कधी खाट मोडे, कधी त्याला दारातून ओढून काढायला बैल जुंपावा लागे. गल्लीतली पोरं दप्तर न ठेवता आधी आमच्या सपरीत येत. भाजीवाली पार्बताबाई टोपली उतरवून म्हणायची, "अवं माय, आमच्या घरच्याले कोनं पायलं हो?"

आणि एकदा मामाच सापडला. चहाचा पेला पुढे करून म्हणाला, "अक्का, आणखी अर्धा कप."

"म्हटलं! मामानं म्हटलं!" आम्ही तिघंही ओरडलो. मामाला स्वतःच्या नावाचा वेढा स्वतःच्या हाताने काढावा लागला. बंडू त्या दिवशी इतका हसला की त्याला उचकी लागली.

आठवडाभरात घरातून तो शब्द नाहीसा झाला. आम्ही वाढलेलं मुकाट खाऊन उठू लागलो. भुलाबाईच्या खाऊला ओळ लागू लागली. आई शेजारणींना सांगे, "इतली वर्षं ओरडून जे झालं नाही, ते माह्या भावाच्या कोळशानं केलं." मामाचं मन फुलून आलं होतं. त्याने शाळेत आणि गल्लीत जाहीर करून टाकलं, "कोजागिरीला या. आणखीराव फुटणार. फटाक!"

मधे पितृपक्षात आजोबांची तिथ आली. बाबांनी पान वाढून माळवदावर ठेवलं आणि आम्ही खाली उभे राहिलो. कावळा बराच वेळ आला नाही. बंडू कंटाळून म्हणाला, "बाबा, आजोबा तं नाहीत. मंग कोणासाठी?"

"कावळ्याने खाल्लं की आजोबांना पोचतं," बाबा म्हणाले.

कावळा आला, त्याने भाताला चोच लावली. "पोचलं?" बंडूने विचारलं. "पोचलं," बाबा म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. बंडूनेही जोडले.

त्यानंतर बंडूचं मागणं थांबलं, ते आम्हाला चांगलंच वाटलं. मग त्याने दुसरी पोळी नाकारली. आई म्हणाली, शहाणा झाला. पुढे पहिलीही अर्धी राहू लागली. भुलाबाईचा खाऊ तो ओळखायचा, आमच्याहून आधी ओळखायचा, आणि हातात मिळाला की शेजारच्या बकरीला घालून यायचा. आईने मीठमिरच्या उतरवून त्याची दृष्ट काढली. पार्बताबाईच्या माहेराहून, शेंदूरजनाघाटहून, आंबिया बहाराची पहिली संत्री आली होती. अजून हिरवट, आंबटगोड. तिने सगळ्यात मोठं बंडूच्या हातात ठेवलं. "खाय माह्या राजा." त्याने ते नाकाशी धरलं, किती तरी वेळ धरलं, आणि परत टोपलीत ठेवलं.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी शाळेच्या प्रार्थनेत उभ्या उभ्या बंडूला भोवळ आली. मामाने त्याला खांद्यावर टाकून घरी आणलं. वैद्यबुवांनी नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या. "ताप नाही. अंगात काही उरलंच नाही याच्या. आता पथ्य सोडा अन् पोटभर घाला. पुन्हा ताप उलटला, तर या अंगाला सोसणार नाही." आई वाटीत मऊ भात कालवून बसली. बंडूने ओठ घट्ट मिटून घेतले. आईने आधी समजावलं, मग रागावली, मग तिला रडू आलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंड उघडलं नाही.

दुपारी सगळे जरा पडले होते. मी पाणी प्यायला उठले तर बंडू अंथरुणावर नव्हता. सपरीत तो भिंतीशी उभा होता. बोट जिभेवर ओलं करून आणखीरावाच्या पोटाची बाहेरची रेघ पुसत होता. कोळसा ओला होऊन पसरत होता, आणि पोट आणखीच मोठं, काळं होत होतं.

"काय करून राहिला रे?"

तो दचकला. हात मागे लपवले. "कमी करून राहिलो."

"काहून?"

"कोजागिरीले फुटन ना तो, ताई."

"फुटला तं फुटला. चित्र आहे ते."

त्याने मान हलवली. "मी खाल्लं का त्याले पोचते."

"कोणं सांगतलं तुले?"

"मामानं. अन् बाबानं बी."

"बाबानं कधी सांगतलं?"

"कावळ्यानं खाल्लं तं आजोबाले पोचलं ना? आजोबा तं दिसत बी नाहीत. हा तं इथंच आहे." मग तो हळूच म्हणाला, "मी मनातल्या मनात आणखी म्हनतो, ताई. लय वेळा म्हनतो. मामाले ऐकू येत नाही, पण याले येते. म्हणून मी खातच नाही."

संध्याकाळी मी हे घरात सांगितलं. मामा आधी मोठ्याने हसला. कुणीच हसत नाही हे पाहून गप्प झाला.

"सांगून टाका त्याला, ते खोटं आहे म्हणून," बाबा म्हणाले.

"सांगतो ना भाऊजी. पण मग तो कावळ्याचं विचारेल. ते तुम्ही सांगायचं."

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि बराच वेळ परत लावला नाही.

आई चुलीपुढून उठून आली. मामाशी ती कधी मोठ्या आवाजात बोलत नसे, तेव्हाही बोलली नाही. "अनू, चारू हावरटपणा करत होत्या, मोरू. त्यायले तुह्या चित्रानं शिकवलं, बरं झालं. पण हे लेकरू भुकेलं होतं. तापानं रिकामं झालेलं पोट मागून राहिलं होतं ते. त्याले आपण हावरट ठरवलं. अन् मागत नाही म्हणून मी बी खूश झाली."

मामा त्या रात्री जेवला नाही. वेगळ्या कारणाने, पण घरात उपाशी आता दोघं होते.

कोजागिरीच्या सकाळी मामा बंडूला घेऊन भिंतीसमोर उकिडवा बसला. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता तो चित्र पुसून टाकणार. त्याने पुसलं नाही. तो आणखीरावाकडे असा बघत होता, जसं एखाद्या पोराची चुकलेली आकृती बघावी.

"बंडू, याच्यात एक चूक राहिली रे माझी."

बंडूने वर पाहिलं.

"याचा हा हात लाडू धरायला. हा हात मागायला. पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला अन् आपलं पोट भरलेलं असलं, तर आपण काय करतो?"

बंडूने विचार केला. मग तळहात उपडा करून पानावर धरल्यासारखा हवेत धरला.

"तो हातच मी काढला नाही याला. पोट भरलं, तर बिचारा सांगणार कशानं? म्हणून फुटायची पाळी आली त्याच्यावर." मामाने कोळसा बंडूच्या हातात दिला. "काढ."

"दोन हात तं आहेत त्याले."

"मग तिसरा काढ. आपल्याला काय, आपलंच चित्र आहे."

बंडूने पोटाच्या मधूनच एक काठीसारखा हात काढला आणि ताटावर आणून सोडला. बोटं मोजून काढावीत असं त्याला वाटलं असावं, तरी सहा झाली. हात वाकडा होता, ड्रॉइंग मास्तरच्या चित्रात अगदी बेढब दिसत होता. मामाने त्याला कुठेही हात लावला नाही.

"आता भूक लागली तर खाईल. भरलं की हात धरेल," मामा म्हणाला. "मागितलं म्हणून आता नाही फुटायचा."

"नक्की?"

"तूच तर काढला ना हात."

बंडूने स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं. मग तो आत गेला आणि आईला म्हणाला, "आई, भात दे." आईने इतक्या घाईने वाटी उचलली की ती चुलीवरच्या तव्यावर आपटली.

संध्याकाळी गल्लीभरच्या मुली जमल्या. भुलाबाईची शेवटची गाणी झाली. पोरं आणखीरावाच्या फुटण्याची वाट बघत होती. तीन हातांचा आणखीराव पाहून त्यांनी कल्ला केला. "मास्तर, फटाक कुठं गेलं? फसवलं तुमी!" मामा म्हणाला, "फटाक माझ्याच्यानं नाही झालं बा," आणि त्याने सगळ्यांची टिंगल खाली मान घालून ऐकून घेतली. चंद्र वर आला तसं आईने आटवलेल्या दुधाचं पातेलं अंगणात आणून ठेवलं.

बंडूने पहिला पेला दोन्ही हातांनी धरून संपवला. ओठांवर पांढरी मिशी आली. त्याने भिंतीकडे एकदा पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी तोंडातून शब्द काढला, "आणखी."

मी आणि अनूने एकदम मामाकडे पाहिलं. मामाने कोळशाला हात लावला नाही. आईने दुसरा पेला भरला. तोही गेला. आईने पळी पुन्हा पातेल्यात बुडवली आणि काठोकाठ भरून त्याच्या पेल्याशी आणली.

बंडूने पेल्यावर तळहात उपडा ठेवला.

"घे ना रे. इतलंसं," आई म्हणाली. तिची पळी तिथेच थांबली होती. इतके दिवस मिटलेलं तोंड आज उघडलं होतं, आणि ते पुन्हा मिटलं तर, ही भीती तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. कोमट दुधाचा एक थेंब बंडूच्या हातावर पडला. त्याने हात काढला नाही. तो आईकडे बघून हसत होता.

"पुरे, आई. भरलं."

आईने त्याच्या हाताकडे पाहिलं, सपरीतल्या त्या सहा बोटांच्या हाताकडे पाहिलं. मग भरलेली पळी तिने सावकाश, एक थेंबही न सांडता, परत पातेल्यात रिकामी केली.